‘चेक’ म्हणजे तपासणी नव्हे, आधी शह

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण पाणलोट विकासाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी इंग्रजी अहवाल मराठीत आणतो. एकाच अहवालात त्याला ‘चेक’ हा शब्द सहा रूपांत भेटला: ओढ्यावरचा चेक डॅम, मजुरीचा चेक, सामानाची चेकलिस्ट, जमिनीची धूप ‘इन चेक’ ठेवणं, समितीच्या अधिकारांवरचे ‘चेक्स’ आणि बचत गटाने विणलेलं चेक्सचं कापड. तो विचारतो, हा एकच शब्द आहे की सारखे ऐकू येणारे वेगवेगळे? एकच असेल तर अर्थ इतके लांब कसे गेले? आणि मराठी करताना कुठला अर्थ धरायचा, याला काही नियम आहे का?

मी सत्तावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. बँकांचे अर्ज, शेती आणि आरोग्याच्या पुस्तिका, राज्यशास्त्राची पुस्तकं असं बरंच हाताखालून गेलं आहे. या शब्दाने मला सुरुवातीला फार छळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खरी अडचण कुठे आहे ते पाहू. शब्दकोशात अर्थ पुष्कळ आहेत, ही अडचण नाही. अडचण आपल्या बोलण्यातल्या ‘चेक करणे’ या क्रियापदाची आहे. आपण रोज म्हणतो, ‘गॅस बंद आहे का चेक कर’, ‘मेल चेक केलास का’. त्यामुळे तपासणं हाच या शब्दाचा गाभा आणि बाकीचे अर्थ त्याच्या फांद्या, असं आपलं मन धरून बसतं. प्रत्यक्षात उलट आहे. इंग्रजीत तपासण्याचा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या शेवटी रुळला. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं ‘चेक’ म्हणजे अडवणं, थोपवणं, आवरणं. आणि त्याही आधी तो बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द होता.

मूळ शब्द फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला आला की खेळाडू ‘शाह!’ असं बोलून सावध करायचे: तुझा राजा सांभाळ. आपल्याकडून चतुरंग इराणात गेला, तिथे त्याचं चत्रंग झालं, अरबांकडे शतरंज झालं, आणि स्पेन-सिसिलीच्या वाटेने तो खेळ युरोपात पोचला. तिथल्या लॅटिनमध्ये ‘शाह’चं ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळून ‘चेक’ केलं. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन होतं ‘एशे’, त्याचंच इंग्रजी ‘चेस’. म्हणजे इंग्रजी ‘चेस’चा शब्दशः अर्थ ‘राजे’ असा निघतो. जर्मन लोक खेळालाही आणि त्या धमकीलाही ‘शाख’ म्हणतात. रशियन भाषेत बुद्धिबळ म्हणजे ‘शाखमाती’. पोर्तुगीजांनी मात्र खेळाचं नाव अरबीतल्या ‘शतरंज’वरून घेतलं, ‘शाद्रेझ’. गोव्यात जुनं पोर्तुगीज शिकलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की शाद्रेझ म्हणजे बुद्धिबळही आणि चौकड्यांचं कापडही.

आता मराठीकडे या. आपल्याकडे हाच फारसी शब्द युरोपचा वळसा न घेता थेट आला आणि जवळपास जसाच्या तसा राहिला: शह. राजाला शह बसला, शह दिला, काटशह दिला. म्हणजे इंग्रजी ‘चेक’ आणि मराठी ‘शह’ हा एकच शब्द आहे, दोन वाटांनी आलेला. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ही आपल्याकडे आहेच, ‘मात’. ‘मात करणे’मध्ये आपण तो रोज वापरतो. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. दुसरं मत असं की ते फारसी आहे आणि अर्थ ‘राजा हतबल झाला, कोंडला गेला’ असा आहे. मला दुसरं पटतं. पटावरचा राजा कधी मारलाच जात नाही. त्याला हलायला घर उरत नाही, तिथेच डाव संपतो.

अजून मागे गेलात तर गाठ आणखी घट्ट होते. ‘शाह’चं प्राचीन इराणी रूप ‘ख्शायथिय’. इराणचा प्राचीन राजा दारयवहु (इंग्रजीत डरायस) बेहिस्तून इथल्या शिलालेखात स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, राजांचा राजा, असं म्हणवतो. पुढे त्याचंच ‘शाहानशाह’ झालं. या शब्दातला धातू आणि संस्कृतातला राज्य करणं या अर्थाचा ‘क्षि’ हे सख्खे. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ त्याच घरातले. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी मी हातातलं काम बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता पहिली फांदी बघा, चालीची. राजाला शह बसला की बाकी सगळ्या चाली थांबतात. तुमचा मोठा बेत असो, वजीर मारायची संधी असो, आधी राजा सोडवायचा. म्हणून ‘चेक’चा अर्थ पटाबाहेर पडला तो ‘अवचित अडवणूक’ असा. चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्रजीत चेक म्हणजे थांबवणं, रोखणं असा वापर आलेला दिसतो. तुमच्या अहवालातला चेक डॅम इथला आहे. तो पाणी तपासत नाही, पाण्याचा वेग अडवतो. ‘तपासणी बंधारा’ असं लिहिलेला मजकूर माझ्याकडे दुरुस्तीला आलेला आहे, म्हणून हे ठासून सांगते. आपल्याकडे त्यासाठी ‘बंधारा’ किंवा ‘नाला बांध’ हे चांगले शब्द गावोगाव रुळलेले आहेत, तेच वापरा. सिमेंटचा असेल तर सिमेंट नाला बांध. गावातली माणसं ‘चेक डॅम’ही सहज म्हणतात, त्यात काही वावगं नाही. धूप ‘इन चेक’ ठेवणं म्हणजे धुपेला आळा घालणं.

मग अडवण्यातून तपासणं कसं निघालं? इथे थोडं रेंगाळते, कारण सगळा गोंधळ या वळणावर आहे.

पैसा हाताळणाऱ्या माणसाला अडवायचं कसं? प्रत्येक वेळी हात धरता येत नाही. मग दुसरी नोंद ठेवायची. त्याने लिहिलेलं आपल्या नोंदीशी जुळवून बघायचं, म्हणजे त्याला लबाडी करता येत नाही. जुळवून बघणं हीच अडवणूक. तपासणं हे अडवण्याचं साधन होतं, आणि हळूहळू शब्द हेतूवरून सरकून साधनावर आला. ‘कंट्रोल’ या शब्दाने अगदी असाच प्रवास केला, फक्त उलट दिशेने. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कोंत्रारोतुलुस’ म्हणजे हिशेबाची ताडून बघायची दुसरी गुंडाळी. त्यावरून आधी हिशेब पडताळणं, आणि पुढे ताबा ठेवणं. एक शब्द अडवण्याकडून तपासण्याकडे गेला, दुसरा तपासण्याकडून ताब्याकडे. आपला ‘ताळा’ आठवा: ताळा जुळतो का बघणं म्हणजे पडताळणं, आणि ज्याच्यावर कुणाचा वचक उरला नाही त्याला आपण म्हणतो ‘ताळतंत्र सोडलं’. हिशेब आणि आवर हे दोन अर्थ आपल्याही मनात शेजारी राहतात.

दोन्ही अर्थ एकत्र बघायचे असतील तर चेकनाक्यावर जा. तिथे गाडी आधी थांबवतात, मग तपासतात.

बँकेचा चेक याच वळणावरून पुढे निघाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणायचे ते पावतीच्या मागे राहणाऱ्या अर्ध्या भागाला, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो त्याला. बनावट कागद आला तर या भागाशी ताडून तो पकडता यावा, म्हणजे फसवणुकीला शह बसावा, हा उद्देश. पुढे ते नाव मागे राहणाऱ्या भागावरून सरकून ज्याच्यावर पैसे मिळतात त्या कागदाला चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी ‘क्यूयूई’ आलं ते एकोणिसाव्या शतकात, ‘एक्सचेकर’ या इंग्लंडच्या खजिन्याच्या नावाच्या धर्तीवर, अमेरिकेत जुनं साधं स्पेलिंगच राहिलं. चेकसारख्या कागदांसाठीचा आपला १८८१ चा कायदा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, ब्रिटिशांच्या काळातला, म्हणून आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग. मराठीत ‘धनादेश’ हा शब्द अर्थाने चोख आहे, धन देण्याचा आदेश, आणि कायद्यातली कल्पनाही तीच आहे. सरकारी कागदात तो लिहा. मजुरांना वाचून दाखवायच्या पत्रकात मात्र मी ‘चेक’ लिहिते आणि पुढे ‘वटला’, ‘वटला नाही’ ही आपली जुनी क्रियापदं ठेवते. ‘चेक वटला नाही’ हे तालुक्याच्या बाजारात कुणालाही समजतं.

हा बँकेचा चेक अरबी ‘सक्क’वरून आला असंही तुम्ही वाचाल. सक्क नावाची लेखी देणेपत्रं मध्ययुगीन अरब व्यापाऱ्यांच्या वापरात होती, हे खरं. पण इंग्रजीतल्या जुन्या नोंदींमध्ये शब्दाचा मागचा प्रवास अडवणूक, स्थळप्रत, मग बँकेचा कागद असा सलग दिसतो. हा धागा हातात असताना मी दुसरीकडे जात नाही.

आता दुसरी फांदी, पटाची. इथे चाल बाजूला राहते आणि घरं महत्त्वाची होतात. चौकड्यांचं कापड ते चेक्सचं कापड, कारण ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. तुमच्या बचत गटाच्या विणकामासाठी ‘चौकड्यांचं’ हाच शब्द वापरा, विणणाऱ्या बायकाही तोच वापरत असतील.

या फांदीवरची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंग्लंडचा खजिना. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात, आणि ‘एक्सचेकर’चा मूळ अर्थ बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळापासून, राजाचे हिशेबनीस एका मोठ्या मेजाभोवती बसत. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकाच्या शेवटी लॅटिनमध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज, त्यावरचं काही खाली पडू नये म्हणून भोवती चार बोटं उंचीची कड, वर रेघा आखलेलं काळं कापड. त्या घरांमध्ये सोंगट्या ठेवून पौंड, शिलिंग, पेन्स मोजत. प्रांताचा अधिकारी एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला. दोन खेळाडू समोरासमोर बसल्यासारखं ते दिसत असणार, आणि फिट्झनीलने स्वतःच ही तुलना केली आहे. आकडेमोड न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही सोंगट्या डोळ्यांनी दिसत, हा त्या पटाचा मोठा गुण.

त्याच खजिन्यात पावतीसाठी लाकडी काठ्या होत्या. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, ती उभी चिरायची, एक भाग पैसे भरणाऱ्याला, दुसरा खजिन्यात. दोन्ही जोडले की खाचा जुळल्या पाहिजेत. या पद्धतीने शेकडो वर्षं काम चाललं. शेवटी निरुपयोगी झालेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या आणि त्या आगीत जुनं पार्लमेंटच जळून गेलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, नियमाचा. पक्का नियम नाही, संदर्भावर अवलंबून आहे. पण माझी कामाची पद्धत सांगते. मी आधी बघते की ‘चेक’चं कर्म काय आहे. वाहणारी, पसरणारी, वाढणारी गोष्ट असेल, जसं पाणी, रोग, तण, महागाई, सत्ता, तर बहुतेक वेळा अर्थ अडवण्याचा. मग मराठीत शब्दांची चंगळ आहे: आळा, लगाम, अंकुश, वेसण, चाप, आवर. महागाईला लगाम, सत्तेवर अंकुश, तोंडाला आवर. ज्याचं त्याला शोभेल असं निवडा. कर्म जर नोंद, आकडा, यादी, वस्तूची स्थिती असं असेल तर तपासणं, पडताळणं, खातरजमा करणं. ‘चेकलिस्ट’ला मी ‘तपासयादी’ म्हणते.

बांधणीही मदत करते. ‘इन चेक’ आणि ‘अनचेक्ड’ दिसलं की बहुतेक वेळा आवर घालण्याचा अर्थ. ‘अनचेक्ड’ तण म्हणजे मोकाट वाढलेलं तण. क्रियापदापुढे ‘फॉर’ आलं तर तपासण्याचा. ‘ऑन’ फसवं आहे: क्रियापद म्हणून ‘चेक ऑन’ म्हणजे जाऊन बघून येणं, पण नाम म्हणून सत्तेवरचा ‘चेक ऑन’ म्हणजे अंकुश.

आणि काही ठिकाणी वाक्य खरोखरच दोन्ही बाजूंनी वाचता येतं. प्रथमोपचाराच्या एका पुस्तिकेत ‘चेक द ब्लीडिंग’ असं होतं. मी ‘रक्तस्राव तपासा’ असं लिहिलं आणि ते छापूनही गेलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी एका परिचारिकेने मला विचारलं, ‘ताई, तपासून पुढे काय करायचं?’ मूळ लेखकाला म्हणायचं होतं रक्तस्राव थांबवा. तेव्हापासून जिथे दोन्ही अर्थ बसतात तिथे मी अंदाज करत नाही, लेखकाला विचारते. विचारायला संकोच वाटून घेऊ नका; आरोग्य, औषधं, वीज यांच्या मजकुरात तर मुळीच नाही.

अमेरिकेत लिहिलेला मजकूर असेल तर आणखी दोन गोष्टी. तिथल्या अर्जात ‘चेक द बॉक्स’ म्हणजे चौकटीत खूण करा. चौकट तपासायची नसते. आणि तिथल्या हॉटेलात ‘चेक’ म्हणजे बिल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सवयीचं असतं, पुण्यात बसून भाषांतर करणाऱ्याला नसतं. देवनागरीत तर आणखी एक भर पडते: युरोपातला चेक देश. तो शब्द स्लाव लोकांच्या एका गटाच्या नावावरून आला आहे, त्याचा पटाशी काही संबंध नाही. ब्रिटिश इंग्रजीत तपासण्याचा चेक, बँकेचा चेक आणि हा देश हे तिन्ही स्पेलिंगने वेगळे दिसतात, आपल्याकडे तिन्ही ‘चेक’. म्हणून मराठीत शेजारच्या शब्दाने अर्थ उघडा करावा लागतो.

राहिले समितीच्या अधिकारांवरचे ‘चेक्स’. अमेरिकी राज्यघटनेच्या चर्चेतून ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ ही जोडी राजकारणात रुळली. १७८८ साली त्या घटनेचा एक शिल्पकार जेम्स मॅडिसन याने घटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेच्या ५१ व्या लेखात त्याचं मर्म मांडलं: एका महत्त्वाकांक्षेला दुसऱ्या महत्त्वाकांक्षेनेच तोंड द्यायला हवं. मराठी पुस्तकांत याला ‘नियंत्रण आणि संतुलन’ म्हणतात. परीक्षेसाठी तोच शब्द ठेवा. पण माझ्या मनाला तो पुरा पटत नाही. ‘नियंत्रण’ म्हटलं की वरून खाली असं चित्र उभं राहतं, साहेब आणि हाताखालचा माणूस. मॅडिसनच्या मनात समोरासमोर बसलेले बरोबरीचे खेळाडू होते. अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द ‘शह-काटशह’, पण आपल्या बातम्यांनी तो कुरघोडीच्या राजकारणासाठी इतका वापरला आहे की घटनेच्या पुस्तकात तो कानाला खटकतो. म्हणून मी ‘परस्परांवरचा अंकुश’ असं लिहिते. तुमच्या अहवालात, जिथे गावची समिती, ग्रामसभा आणि सचिव एकमेकांच्या सह्यांशिवाय पैसे काढू शकत नाहीत, तिथे हे चपखल बसेल: ‘समिती, ग्रामसभा आणि सचिव यांचा परस्परांवर अंकुश राहील.’

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘लोकशाही’ या आपल्या शब्दातली ‘शाही’ त्याच ‘शाह’ची आहे. आदिलशाही, निजामशाही म्हणता म्हणता ती मराठीत मुरली, शिवशाहीत आली, आणि मग आपण तिच्याआधी ‘लोक’ बसवले. तेव्हा लोकशाहीतल्या ‘चेक्स’बद्दल लिहाल त्या वाक्यात तोच इराणी राजा दोनदा असेल: एकदा लोकांच्या हातात आलेल्या सत्तेच्या रूपाने, आणि एकदा तिला बसणाऱ्या शहाच्या रूपाने.

अहवालातलं आणखी एखादं वाक्य अडलं तर त्याच्या मागचं-पुढचं एकेक वाक्यही पाठवा. नुसत्या शब्दावरून मलाही सांगता येणार नाही.